डाळिंब, विडी आणि शिलालेख : सोलापुरात राहून पीएच.डी.चे संशोधन कसे उभे करावे

पीएच.डी.च्या कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या तासाला मी वर्गात एकच प्रश्न विचारतो : तुमच्या विषयात एखादी गोष्ट खरी आहे, हे कोण ठरवते आणि कशावरून? समोर बसलेल्यांपैकी कोणी डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणार असतो, कोणी विडी कामगार महिलांच्या आरोग्यावर, कोणी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या शिलालेखांवर, तर कोणी चादरीच्या सुतावर. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी चटकन सांगतो की प्रयोग पुन्हा केला आणि तेच आले, तर खरे. इतिहासाची विद्यार्थिनी मात्र घुटमळते, कारण सोलापुरातला मार्शल लॉचा (लष्करी अंमलाचा) १९३० सालचा मे महिना पुन्हा करून पाहता येत नाही. समाजशास्त्रवाला म्हणतो की लोकांनी सांगितले म्हणजे खरे, आणि त्यावर वर्ग हसतो, पण त्याच्या उत्तरातले नेमके काय चुकले हे हसणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले आणि त्याचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे. याचा एक फायदा कोणी फारसा बोलून दाखवत नाही : विद्याशाखा कितीही वेगळ्या असल्या, तरी सगळ्यांचे संशोधनक्षेत्र बहुधा तेच अकरा तालुके असतात आणि शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी आपल्याच गावात वेगळ्या कारणासाठी फिरत असतो. खाली मी कामाचा जो क्रम सांगितला आहे, तो कोणत्याही परिपत्रकातला नाही. विद्यार्थ्यांच्या आणि माझ्या स्वतःच्या चुकांमधून तो ठरत गेला आहे.

विषय बाजूला ठेवा, आधी प्रश्न लिहा

नोंदणीसाठी येणाऱ्या शीर्षकांचा आपल्याकडे एक साचा झालेला आहे : 'सोलापूर जिल्ह्यातील अमुक : एक चिकित्सक अभ्यास'. या साच्यात कालखंड नसतो, तुलना नसते आणि मुख्य म्हणजे प्रश्न नसतो. 'सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब उत्पादकांच्या समस्या' हा विषय घेतला, तर त्याचे उत्तर मोंढ्यावरचा हमालसुद्धा उभ्या उभ्या देईल : पाणी, रोग, भाव आणि मजूर. तेच सांगायला तीन वर्षे घालवण्याचे कारण नाही. त्याऐवजी 'सांगोला तालुक्यात हस्त बहर (पावसाळा सरताना घेतलेला फुलोरा) धरणाऱ्या बागांना मृग बहराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) बागांपेक्षा फवारणीचा खर्च खरोखर कमी येतो का, आणि येत असल्यास उत्पन्नातला फरक वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काही जास्त उरते का?' असे विचारले, की कोणाकडे जायचे, काय मोजायचे आणि किती हंगाम थांबायचे, हे त्या वाक्यातूनच निघते.

एक कोरा कागद घ्यावा, वर आपला प्रश्न प्रश्नचिन्हासह लिहावा आणि त्याखाली त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे लिहावीत. दोन्ही उत्तरे शक्य वाटत असतील आणि दोन्हींपैकी कोणतेही आले तरी ते छापण्यासारखे असेल, तर प्रश्न धरण्याजोगा आहे. एकच उत्तर शक्य वाटत असेल, तर आपल्याला संशोधन करायचे नसून भाषण करायचे आहे, असे समजावे. त्याच कागदाच्या तळाशी तिसरी ओळ लिहावी : काय दिसले तर मी माझे मत सोडीन? या ओळीसाठी विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ घेतात, आणि तो वेळ घेऊ द्यावा असे माझे मत आहे.

प्रश्नाचा आकारही तपासावा. एका माणसाला, एका दुचाकीवर, दोन वर्षांत जे झेपेल तेवढेच धरावे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकराही तालुके 'कव्हर' करण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि मग प्रत्येक तालुक्यातली पाच गावे, प्रत्येक गावातली दहा माणसे असा कागदावर नीटस दिसणारा पण आतून पोकळ नमुना तयार होतो. एक तालुका मनापासून पाहिला, तरी प्रबंध होतो.

पूर्वीचे काम कुठे सापडते

सोलापूरवर आधी काय लिहिले गेले, हे शोधताना पहिली चूक होते ती केवळ आपल्याच विद्यापीठाचे ग्रंथालय पाहण्याची. २००४ पूर्वी हा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. ते विद्यापीठ १९६२ चे. म्हणजे जवळजवळ चार दशकांतले सोलापूरविषयीचे प्रबंध कोल्हापुरात आहेत आणि त्याआधीचे काम पुण्या-मुंबईकडे शोधावे लागते. कोल्हापूरची एक फेरी सुरुवातीलाच करावी. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्यावर आपलाच विषय १९८८ साली कोणीतरी पूर्ण केला होता असे कळणे फार महागात पडते.

विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहात देशभरातले प्रबंध विनामूल्य वाचता येतात, परंतु मराठी प्रबंधांच्या बाबतीत तेथे एक अडचण आहे. बरेच जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेली चित्रे आहेत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधयंत्राला दिसत नाही. शोधशब्द टाकून काही आले नाही, म्हणजे काम झालेलेच नाही असा निष्कर्ष काढू नये. विद्यापीठ, विभाग आणि मार्गदर्शक या वाटेने याद्या उघडून शीर्षके डोळ्यांखालून घालावीत. कंटाळवाणे आहे, पण चार संध्याकाळींचे काम आहे.

नावांची रूपेही लक्षात ठेवावीत. इंग्रजी कागदांत हे शहर दीर्घकाळ 'शोलापूर' असे लिहिले गेले, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला १८८४ चे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर आणि गिरण्यांच्या काळातले अहवाल सापडतच नाहीत. मध्ययुगीन कन्नड साधनांत हेच गाव 'सोन्नलिगे' म्हणून येते आणि संतकवी सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांचा अभ्यास करणाऱ्याला ते नाव ठाऊक असावेच लागते. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत छापलेला मजकूर आहे. एकच भाषा वाचणाऱ्याने आपल्या प्रबंधात ती मर्यादा स्पष्ट लिहावी किंवा त्या भाषेचा मित्र जोडावा.

नवी नियतकालिके आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का आणि लॉगिन कसे मिळते, हे ग्रंथपालांना विचारावे. जुन्या पुस्तकांसाठी शहरातले हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. कपाटाजवळ उभे राहून शेजारचे पुस्तक हाती लागण्याचे जे सुख असते, ते लॉगिनमध्ये नाही.

वाचलेल्या प्रत्येक लेखासाठी चार ओळींची नोंद ठेवावी : प्रश्न काय होता, पुरावा कोणता घेतला, निष्कर्ष काय, आणि मला कुठे शंका आहे. चौथी ओळ रिकामी राहत असेल, तर आपण वाचत नसून उतरवून घेत आहोत.

पुरावा : चार क्षेत्रे, चार पद्धती

येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) बहुतेक विद्यार्थी याच ठिकाणी अडकतात.

डाळिंबाच्या बागेपासून सुरुवात करू. केगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यामुळे या पिकावर काम करणाऱ्याला जाणकार माणसे हाकेच्या अंतरावर मिळतात. तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या शिंतोड्यांनी आणि दमट हवेत झपाट्याने पसरतो. पानांवर तेलकट डाग पडतात आणि फळाची साल तडकते. समजा, तीन वेगवेगळ्या फवारण्यांची तुलना करायची आहे. विद्यार्थी प्रत्येक फवारणीसाठी पाच झाडे घेतो, प्रत्येक झाडाची वीस फळे तपासतो आणि अभिमानाने लिहितो की नमुना शंभरचा आहे. तो शंभरचा नाही, पाचचा आहे. फवारणी झाडाला दिली होती, फळाला नव्हे, आणि एकाच झाडावरची वीस फळे एकाच मुळाचे पाणी पितात, एकाच सावलीत वाढतात, त्यामुळे ती एकमेकांची साक्ष देऊ शकत नाहीत. या एका चुकीमुळे सांख्यिकी चाचणीत फरक खोटाच ठळक दिसतो. उपाय फळे वाढवण्यात नसून झाडे आणि बागा वाढवण्यात आहे.

दुसरी गोष्ट मांडणीची. बागेला उतार असेल, तर खालच्या अंगाला ओल जास्त टिकते. सगळी एका प्रकारची फवारणी वरच्या ओळींत आणि दुसरी खालच्या ओळींत केली, तर आपण औषध मोजतो आहोत की उतार, हे सांगता येत नाही. म्हणून उताराला आडवे पट्टे पाडावेत, प्रत्येक पट्ट्यात सर्व फवारण्या आणि एक बिनफवारणीचा भाग ठेवावा, आणि कोणत्या झाडाला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. शेजारच्या ओळीवर वाऱ्याने औषध उडते, म्हणून मधली एक ओळ मोजणीतून वगळावी. डाग किती टक्के पडले हे पाहणाऱ्याला कोणत्या झाडावर काय मारले आहे ते ठाऊक नसावे. बागमालकाच्या मुलालाच ती मोजणी दिली, तर महागड्या औषधाच्या झाडावर त्याला डाग कमी दिसणारच, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. एका बहराच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नये. तोच बहर दोन वर्षे पाहावा.

आता विडी. सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांमध्ये तेलुगूभाषक मोठ्या संख्येने आहेत, काम बहुतांशी घरी बसून होते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. या विषयात माझी स्वतःची फजिती झालेली आहे. आम्ही मराठीत प्रश्नावली छापली आणि त्यात एक साधा प्रश्न होता : 'आपण रोज किती तास विड्या वळता?' शंभराच्या आसपास फॉर्म भरून आले तेव्हा बहुतेकांवर 'आठ तास' असे उत्तर होते. मला संशय यायला हवा होता तो आला नाही. उलट आकडे एकसारखे आले म्हणून बरेच वाटले. पुढे एका घरात मी स्वतः उंबऱ्याशी बसलो, तेव्हा दिसले की ती बाई सुपातली पाने कापते, मध्येच उठून भाकरी टाकते, पाणी आले की हंडे भरते, मुलाला शाळेत पाठवते, पुन्हा बसते आणि रात्री मालिका पाहता पाहता बंडल बांधते. तिच्या दिवसात 'तास' हे माप नव्हतेच. तिचे माप विड्यांचा आकडा हेच होते. आमच्या फॉर्म भरणाऱ्या मुलांनी "आठेक तास होत असतील ना?" असे विचारले होते आणि समोरच्या बाईने घरी आलेल्या पाहुण्याचा मान राखून मान डोलावली होती.

ते सगळे फॉर्म आम्ही बाजूला ठेवले. दुसऱ्या वेळी प्रश्न तेलुगूत विचारले, विचारणारी मुलगीही त्याच वस्तीतली घेतली, आणि तासांचे नाव न काढता कालच्या दिवसाची हकिकत विचारली : काल उठल्यावर आधी काय केले, पहिले शेकडे कधी झाले, पाण्यासाठी उठलात तेव्हा किती वळून झाल्या होत्या. अशा घडलेल्या प्रसंगांना धरून विचारले की माणसाला आठवते. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने ते न पाहता उलट मराठीत आणावे आणि दोन्ही ताडून पाहावीत. पहिल्या दहा मुलाखती चाचणीच्या समजाव्यात आणि त्या मोजणीत धरू नयेत.

याच संदर्भात ३८४ या आकड्याविषयी लिहिणे भाग आहे. सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधांत 'नमुना ३८४' हे वाक्य मंत्रासारखे येते. तो आकडा कुठून आला? ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग केला की ३८४.१६ येते. म्हणजे मोठ्या लोकसंख्येतून कोणतेही प्रमाण पाच टक्क्यांच्या फरकाने सांगायला एवढी माणसे पुरतात. मात्र ती माणसे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली असली पाहिजेत. ओळखीच्या तीन गल्ल्यांतल्या भेटतील त्या ३८४ बायकांना हे सूत्र लागू पडत नाही. गल्लीगल्लीने नमुना घेतला, तर एका गल्लीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून आकडा वाढवावा लागतो. आणि हा प्रश्न डाळिंबाच्या फळांचाच आहे, हे लक्षात आले असेल. एका झाडावरची वीस फळे आणि एका गल्लीतल्या वीस बायका, दोन्ही ठिकाणी मोजणारा तोच घोटाळा करतो. म्हणूनच मी दोन्ही विद्यार्थ्यांना एका बाकावर बसवतो.

शिलालेखांकडे वळू. भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो. शिलालेखावर काम करणाऱ्याने दगडाजवळ जाण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. मग फक्त साधे पाणी आणि मऊ ब्रश यांनीच दगड पुसावा. आम्ल, वायर ब्रश किंवा तेल यांना हातही लावू नये. अक्षरे दिसावीत म्हणून खाचांत खडू भरण्याची जी सवय आहे, ती मला सर्वांत घातक वाटते. खडू भरणारा जे वाचतो तेच पुढच्या सगळ्यांच्या फोटोत उतरते. त्यापेक्षा सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना, किंवा अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च धरून, एकाच ओळीचे आठ बाजूंनी फोटो घ्यावेत. एका बाजूच्या उजेडात जी भेग अनुस्वार वाटते, ती दुसऱ्या बाजूने भेगच ठरते.

परवानगीत ठसा घेण्याची मुभा असेल, तर तो जाणत्या माणसाबरोबर घ्यावा. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात, तो खाचांत शिरतो, मग किंचित ओलसर असताना शाईचा बोळा हलक्या हाताने टेकवतात. उंच भाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी उठतात. कागद फार ओला असला तर शाई पसरते आणि फार सुकला तर कागद सुटतो. पहिले चार ठसे वाया जातात, तेवढे कागद जास्तीचे न्यावेत.

कालगणनेची रूपांतरे तोंडपाठ असावीत. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. मोडी कागदांतला सुहूर सन (मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरलेली कालगणना) असेल, तर ५९९ किंवा ६०० मिळवावे. निजामाच्या हद्दीलगतच्या गावांच्या कागदांत फसली सन (महसुली वर्षाची कालगणना) येतो, त्यात दख्खनच्या रीतीने ५९० किंवा ५९१ मिळवतात. महिना न पाहता वर्ष बदलले, तर एका वर्षाची चूक होते आणि दोन कागदांतला क्रम उलटा लागतो.

'सर्वांत जुना', 'पहिला', 'आद्य' हे शब्द प्रबंधात लिहिण्यापूर्वी प्रतिस्पर्धी कोण आहेत ते मांडावे. कुडलच्या लेखाबरोबर रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा आणि कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा लेख घ्यावाच लागतो, कारण कोणता लेख आधीचा हा वाद मुळात वर्षाचे अंक कसे वाचायचे याचाच वाद आहे. गावाचा अभिमान मनात ठेवण्यास हरकत नाही. तळटीपेत तो नसावा.

१९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉचा अभ्यास करणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, याबद्दल दुमत नाही. त्याआधीच्या मे महिन्यात रस्त्यावर काय घडले, हे सांगणारा सरकारी अहवाल मात्र लष्कर का बोलवावे लागले याचे समर्थन करण्यासाठी लिहिलेला असतो आणि त्याच दिवसांतले वृत्तपत्र सेन्सॉरच्या नजरेखाली छापलेले असते. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला, या तीन गोष्टी प्रत्येक साधनाच्या नोंदीवर हव्यात. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी तारखेसाठी कच्च्या असतात, पण भीतीचा अंदाज देण्यात त्या पक्क्या ठरतात.

चादरीच्या सुताविषयी थोडक्यात. सुताची ताकद मोजताना हवेतली आर्द्रता महत्त्वाची असते, कारण सूती धागा ओलावा घेतला की अधिक मजबूत होतो. म्हणून भारतीय मानकानुसार चाचणीआधी नमुने २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवायचे असतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी एक चादर आणि ऑगस्टमध्ये दुसरी तपासली, तर आपण दोन कारखान्यांची नव्हे, सोलापूरच्या दोन ऋतूंची तुलना केली. नान्नजच्या माळरानावर माळढोक पक्षी शोधणाऱ्याची अडचण याच्या उलट आहे : त्याला बहुतेक दिवस काहीच दिसत नाही. ते शून्य वहीत लिहावे लागते, आणि त्याच्यापुढे किती तास पाहिले, कुठे उभे होतो, धुके होते की ऊन, हेही लिहावे लागते. त्याशिवाय 'दिसला नाही' आणि 'नाही' यांतला फरक सांगता येत नाही.

परवानग्या आणि नियम

माणसांवर संशोधन असेल, मग ते रक्ताचा नमुना घेण्याचे असो वा नुसती मुलाखत, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता काम सुरू करण्याआधी घ्यावी. नंतर घेतलेली मान्यता ग्राह्य धरली जात नाही. संमतीपत्र समोरच्या व्यक्तीच्या भाषेत असावे, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवावे, आणि मध्येच माघार घेण्याची मुभा त्यात लिहावी. अभयारण्यातल्या कामासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि ती यायला महिने लागतात, म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच अर्ज करावा.

पीएच.डी.ची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ठरते. कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, त्यावर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे गाइड निवडण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का, हे संकोच न करता विचारावे. जून २०२४ पासून नेट (राष्ट्रीय पात्रता) परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. विद्यापीठाचे स्वतःचे नियम याच्यावर असतात. ते संकेतस्थळावरून छापून जवळ ठेवावेत.

पैशांचा प्रश्न लपवून चालत नाही. नेटची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती न मिळालेल्यांसाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिरातींना ठरलेला महिना नाही, म्हणून नोंदणीचे पत्र, जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र यांची फाइल कायम तयार असावी.

लेखन आणि उचलेगिरी

लिहायला शेवटच्या वर्षी बसू नये. बागेतून किंवा वस्तीतून परत आल्यावर त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, नोंदवहीत पानभर लिहावे आणि पानावर तारीख घालावी. खोडायचे असेल तर एक रेघ मारावी, पान फाडू नये. फायलींना 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशी नावे देण्याऐवजी तारखेने नावे द्यावीत आणि एक प्रत घराबाहेर ठेवावी. प्रबंध मराठीत असेल तर युनिकोडमध्येच टाइप करावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला तो शोधून सापडेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास कारवाई होत नाही, दहा ते चाळीस टक्के असल्यास सुधारून पुन्हा सादर करावे लागते, चाळीस ते साठ टक्के असल्यास वर्षभर सादर करण्यास बंदी येते आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. मराठीतली उचल सॉफ्टवेअरला कमी सापडते, असे विद्यार्थी एकमेकांना सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु परीक्षक हा सॉफ्टवेअर नसतो. त्याच्याच पुस्तकातला परिच्छेद त्याच्यासमोर वाचायला लागलेला विद्यार्थी मी पाहिला आहे आणि तो पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

२०२२ नंतर प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने काढली आहे आणि २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही बंद केली. त्यामुळे नियतकालिक चांगले की वाईट, हे आता स्वतः ठरवावे लागते. लेख पाठवल्यावर चार दिवसांत स्वीकृती आणि सोबत यूपीआयचा क्यूआर कोड आला, तर तो लेख कोणी वाचलेला नाही. आपण ज्यांचे लेख संदर्भासाठी वापरले, ते कुठे छापून आले हे पाहावे आणि तेथेच पाठवावे.

प्रबंध सादर झाल्यावर राहिलेले काम

प्रबंधाची प्रत शोधगंगेवर जाते, एक ग्रंथालयात जाते आणि एक गाइडच्या कपाटात. ज्यांच्याकडून पुरावा घेतला, त्यांच्याकडे सहसा काहीच जात नाही. आमच्या विडीच्या अभ्यासानंतर आम्ही दोन पानांचे टिपण तेलुगूत लिहून वस्तीत वाचून दाखवले. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका आजींनी सांगितले की पावसाळ्यातली विडी मोजणीत धरलेलीच नाही, पाने ओली होतात आणि हात मंदावतो, तेव्हा हजाराला दीड दिवस लागतो. आम्ही सगळ्या मुलाखती जानेवारी ते एप्रिल या काळात घेतल्या होत्या. पुढच्या जुलैत मुलाखती घेणारी ती मुलगी पुन्हा वस्तीत गेली आणि कालच्या दिवसाची हकिकत नव्याने विचारू लागली.